केमोच्या बाटलीतलं प्लॅटिनम: सिस्प्लॅटिन काय करतं, कसं सांभाळायचं?

२०२५ साली प्लॅटिनमचा भाव भराभर चढला. सराफ कट्ट्यावर त्याची चर्चा होणारच होती. पण केमोसाठी ताटकळत बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडीही हा विषय येऊ लागला: "आमच्या आईच्या इंजेक्शनात प्लॅटिनम असतं म्हणतात. मग आता तेही महागणार का?" त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो, तो जरा दबक्या आवाजात: "धातू अंगात सोडतात म्हणजे नक्की काय करतात?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. सोलापुरात तर ते घरोघरी पडावेत असेच आहेत. मावा-गुटख्यामुळे होणारे तोंडाचे आणि घशाचे कॅन्सर इथे नवे नाहीत. पूर्व भागात हजारो बायका विड्या वळतात, म्हणजे तंबाखू ओठांत नसली तरी हातात आणि श्वासात असतेच. गर्भाशयमुखाचा कॅन्सर आपल्या खेड्यांत किती आहे हे देशाला पहिल्यांदा नीट कळलं तेही आपल्याच जिल्ह्यातून. भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. या सगळ्या कॅन्सरांवर जे औषध वर्षानुवर्षं वापरलं जातं, त्याचं नाव सिस्प्लॅटिन.

धातू नव्हे, धातूचं संयुग

लोहाची गोळी घेणारी बाई लोखंडाचा कीस खात नाही. गोळीतलं लोह दुसऱ्या अणूंशी जोडलेलं असतं, आणि त्या जोडणीमुळे त्याचे गुण पार बदलतात. अशा जोडणीला संयुग म्हणतात. सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमचं संयुग आहे. अंगठीतलं प्लॅटिनम जन्मभर बोटात राहिलं तरी शरीराशी काही बोलत नाही. सिस्प्लॅटिन मात्र रक्तात गेल्यापासून कामाला लागतं.

त्याची रचना अगदी साधी आहे. मधोमध प्लॅटिनमचा एक अणू, भोवती एक सपाट चौकोन. चौकोनाच्या दोन कोपऱ्यांवर अमोनिया, दोन कोपऱ्यांवर क्लोरीन. कॅन्सरवरची बहुतेक औषधं कार्बनच्या लांबलचक सांगाड्यांची असतात. या रेणूत कार्बनचा एकही अणू नाही.

गंमत कोपऱ्यांच्या क्रमात आहे. दोन्ही क्लोरीन शेजारशेजारच्या कोपऱ्यांवर असतील तर ते सिस्प्लॅटिन. तेच क्लोरीन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर बसवले तर अणू तेवढेच, वजन तेवढंच, पण कॅन्सरवर उपयोग जवळजवळ शून्य. त्या दुसऱ्याला ट्रान्सप्लॅटिन म्हणतात. 'सिस' म्हणजे एकाच बाजूचे. हे शेजारपण इतकं महत्त्वाचं का, ते पुढे येईलच.

शुद्ध सिस्प्लॅटिन ही पिवळसर भुकटी असते. पाण्यात ती फार विरघळत नाही: एका मिलिलिटरमध्ये जेमतेम अडीच मिलिग्रॅम. म्हणून इंजेक्शन मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असं पातळच येतं.

भाव वाढला म्हणून औषध महागेल का?

हिशेब करून बघू. सिस्प्लॅटिनच्या रेणूचं वजन ३०० धरलं तर त्यातलं १९५ एकट्या प्लॅटिनमचं, म्हणजे शंभरात पासष्ट भाग. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनच्या जोडीला शरीराच्या दर चौरस मीटरमागे ४० मिलिग्रॅम, असा आठवड्याचा डोस सर्रास दिला जातो. दीड चौरस मीटर अंगाच्या बाईला ६० मिलिग्रॅम झाले. त्यात प्लॅटिनम ३९ मिलिग्रॅम. ग्रॅमला पाच हजार रुपये भाव धरला तर धातूची किंमत १९५ रुपये. भाव आणखी हजाराने चढला तर डोसमागे ३९ रुपये वाढले. पाच आठवड्यांच्या पाच डोसांत मिळून पाव ग्रॅमसुद्धा प्लॅटिनम जात नाही.

त्यातून सिस्प्लॅटिन हे भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि अशा औषधांच्या कमाल किमती सरकार ठरवतं. केमोचा खर्च घराला कर्जात घालतो हे खरंच आहे. पण तो खर्च तपासण्या, खाट, सोबतची औषधं, येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी यांचा. धातूकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

भावापेक्षा खरी भीती तुटवड्याची असते. २०२३ साली अमेरिकेत सिस्प्लॅटिन मिळेनासं झालं. अहमदाबादजवळच्या एका कारखान्यात तपासणीत त्रुटी निघाल्या, उत्पादन थांबलं, आणि अमेरिकेच्या पुरवठ्याचा मोठा वाटा त्याच कारखान्याचा होता. तिथल्या डॉक्टरांवर कोणत्या रुग्णाला आधी औषध द्यायचं हे ठरवण्याची वेळ आली. स्वस्त औषध बनवायला फार कंपन्या उत्सुक नसतात, हे त्यामागचं साधं कारण.

शोध लागला तो भलत्याच प्रयोगात

हे संयुग पहिल्यांदा तयार केलं मिकेले पेरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने, १८४४ साली. कॅन्सर त्याच्या डोक्यातही नव्हता. कोपऱ्यांच्या क्रमाचं कोडं १८९३ मध्ये आल्फ्रेड वेर्नर यांनी उलगडलं, आणि असल्याच कामासाठी त्यांना १९१३ चं नोबेल मिळालं. त्यानंतर अनेक दशकं पेरोनेचा हा क्षार पाठ्यपुस्तकात पडून होता.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग विजेचा पेशींच्या विभाजनावर काय परिणाम होतो ते बघत होते. जिवाणूंच्या द्रवात त्यांनी प्लॅटिनमच्या पट्ट्या बुडवल्या. प्लॅटिनम का? तर ते कशाशीच अभिक्रिया करत नाही, या समजुतीने. वीज सोडली आणि जिवाणूंचं विभाजन थांबलं. ते मेले नाहीत, नुसते लांबत गेले. काही तर नेहमीच्या तीनशेपट. करामत विजेची वाटली, पण ती विजेची नव्हतीच. पट्टीतलं थोडंसं प्लॅटिनम झिजून द्रवातल्या अमोनिया आणि क्लोराइडशी जुळलं होतं. १९६५ मध्ये हे प्रसिद्ध झालं, १९६९ मध्ये उंदरांच्या गाठी विरघळल्याचं जाहीर झालं, आणि १९७८ च्या डिसेंबरात अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली.

सगळ्यात मोठा फरक पडला तो वृषणाच्या कॅन्सरमध्ये. शरीरभर पसरलेल्या या कॅन्सरमधून पूर्वी क्वचित कुणी वाचे. १९७४ पासून लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन इतर औषधांच्या जोडीने द्यायला सुरुवात केली, आणि आज असे बहुसंख्य तरुण बरे होतात. २०१२ मध्ये युवराज सिंग उपचारांसाठी इंडियानापोलिसला गेला तो याच आइनहॉर्न यांच्याकडे. गर्भाशयमुखाच्या बाबतीत १९९९ हे वर्ष महत्त्वाचं. रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन दिलं तर मृत्यूचं प्रमाण बरंच घटतं, असं पाच चाचण्यांतून त्या वर्षी दिसलं. तेव्हापासून ती जोडी जगभर पक्की झाली.

पेशीत शिरल्यावर काय होतं?

रक्तात क्लोराइड, म्हणजे मिठातला क्लोरीनचा भाग, भरपूर असतो. तोवर सिस्प्लॅटिनचे दोन्ही क्लोरीन आपापल्या कोपऱ्यांवर टिकून राहतात. पेशीच्या आत क्लोराइड खूपच कमी. तिथे गेल्यावर हे क्लोरीन सुटतात, त्यांची जागा पाणी घेतं, आणि प्लॅटिनमचे दोन शेजारचे हात मोकळे होतात. आता त्याला पकडायला काहीतरी हवं असतं. ते सापडतं डीएनएत, म्हणजे पेशीचा सगळा मजकूर ज्यात लिहिलेला असतो त्या लांब धाग्यात.

इथे सोलापूरकराला मागाचं उदाहरण पटकन पटेल. ताण्याला लावलेली खळ नीट वाळली नाही तर शेजारचे दोन उभे धागे एकमेकांना चिकटतात. चिकटलेली जागा दिसतही नाही. पण विणकाम पुढे सरकून ती फणीपाशी आली की धागे अडकतात, तुटतात, माग थांबतो. कारागीर धागे सोडवून, गाठ मारून पुढे जातो. अशा जागा दोन-चार असतील तर निभतं. हातभर अंतरावर एक निघायला लागली तर शहाणा मालक तो ताणाच उतरवतो. सिस्प्लॅटिन डीएनएतली शेजारची दोन अक्षरं, बहुतेक वेळा ग्वानीन नावाची, अशीच चिकटवून टाकतं. पेशीला दोन व्हायचं तर हा सगळा मजकूर अक्षरनअक्षर उतरवावा लागतो. उतरवणारी यंत्रणा त्या जागी अडते. दुरुस्ती जमली तर जमली, नाही तर पेशी स्वतःच स्वतःला संपवते. आणि ट्रान्सप्लॅटिन का चालत नाही तेही इथेच कळतं: त्याचे मोकळे हात विरुद्ध दिशांना असतात, शेजारची दोन अक्षरं त्यांना एकत्र पकडता येत नाहीत.

"मग चांगल्या पेशी सुटतात कशा?" सगळ्या सुटत नाहीत. ज्या पेशी वरचेवर विभागतात त्यांना जास्त फटका बसतो, आणि कॅन्सरच्या पेशी त्यात पुढे असतात. शिवाय काही कॅन्सरांना ही दुरुस्ती नीट जमतच नाही. वृषणाचा कॅन्सर त्यातलाच. उलट काही गाठी हळूहळू औषध बाहेर फेकायला किंवा दुरुस्ती करायला शिकतात. मग डॉक्टर म्हणतात की आता हे औषध लागू पडत नाही.

किडनी, कान आणि उलट्या

किडनीच्या पेशी सिस्प्लॅटिन रक्तातून स्वतःकडे ओढून घेतात. ते काढून टाकणं हेच त्यांचं काम. त्यामुळे तिथे औषध साचतं आणि इजा करतं. यावरचा मुख्य उपाय आहे सलाईन. केमोच्या दिवशी औषधाच्या आधी आणि नंतर तासन्तास बाटल्या चालू असतात त्या याचसाठी. "औषधाची बाटली एवढीशी आणि पाण्याच्या एवढ्या का?" असं विचारून वैतागू नका. त्या बाटल्या उपचाराचाच भाग आहेत. बऱ्याचदा त्यात मॅग्नेशियमही घालतात, कारण हे औषध शरीरातलं मॅग्नेशियम लघवीवाटे घालवतं.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. त्या उन्हात एसटीने गावी परतणारा, उलट्यांमुळे पाणी न टिकणारा रुग्ण दोन दिवसांत कोरडा पडू शकतो. किती पाणी प्यायचं हे डॉक्टरांना आकड्यात विचारून घ्या. हृदयाचा आजार असेल तर तो आकडा वेगळा असेल. पाणी पोटात टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

दुसरी गोष्ट मी जरा जोर देऊन सांगतो, कारण ती गावात हमखास घडते. अंग दुखलं की दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणायचं, ताप आला की जवळच्या डॉक्टरांकडून जेंटामायसिन किंवा अमिकासिनची सुई घ्यायची. ही सगळी औषधं किडनीवर ताण देतात, शेवटची दोन तर कानावरही. वर कुणी सांगितलेला काढा किंवा भस्म असतंच. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना "सिस्प्लॅटिन चालू आहे" एवढं सांगितलं, तर ते दुसरं काही लिहून देतील.

कानाचं नुकसान बहुधा कायमचं असतं. आतल्या कानातल्या ध्वनी पकडणाऱ्या पेशी पुन्हा उगवत नाहीत, आणि प्लॅटिनम तिथे महिनोन्महिने, कधी वर्षंही मुक्काम ठोकतं, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. आधी बारीक, उंच आवाज जातात, किंवा कानात सतत शिट्टी वाजते. घरच्यांना वाटतं लक्ष नाही. मुलांमध्ये हा धोका जास्त. केमो संपल्यावर काही तासांनी सोडियम थायोसल्फेट देऊन तो कमी करता येतो. काही बालकॅन्सरांसाठी अमेरिकेने त्याला २०२२ मध्ये मान्यता दिली. हाता-पायांना मुंग्या येणं, बधिरपणा हेही होतं. बटण लावताना बोटं चाचपडायला लागली तर ते सांगायचं, सोसायचं नाही.

उलट्यांच्या बाबतीत सिस्प्लॅटिन सगळ्यांत वरच्या गटात मोडतं. आधीच औषध दिलं नाही तर दहांपैकी नऊहून अधिक जणांना उलट्या होतात, आणि त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही येतात. आता चांगली औषधं आहेत, पण ती उलटी व्हायच्या आधी घ्यायची असतात. त्यात कधी ओलान्झापिनची गोळी असते. मोबाइलवर नाव शोधलं की ती मानसिक आजाराची गोळी म्हणून दिसते आणि घरात घबराट होते. काही जण गुपचूप बंद करतात. ती तुमच्या माणसाला उलटी थांबवण्यासाठीच दिलेली असते.

केस मात्र सिस्प्लॅटिनने सहसा फारसे गळत नाहीत. सोबत दुसरं औषध असेल तर त्याने गळतात.

बाटली फ्रिजमध्ये ठेवायची का?

नाही. इंजेक्शन म्हटलं की फ्रिज, ही आपली सवय इन्सुलिनने लावली. सिस्प्लॅटिनचं द्रावण थंडीत ठेवलं तर औषधाचे खडे तळाशी बसतात. बाहेरच्या मेडिकलमधून बाटली आणून वॉर्डात द्यायची असेल तर ती खोक्यातच ठेवा, कारण उजेडही तिला चालत नाही. बर्फ नको, आणि दुपारच्या उन्हात गाडीच्या डिकीतही नको. आत खडे दिसले तर हलवून बघू नका, फार्मासिस्टला दाखवा.

मिसळण्याचेही नियम आहेत आणि ते रसायनातूनच आलेत. सिस्प्लॅटिन मिठाच्या सलाईनमध्ये मिसळतात, कारण क्लोराइड असेल तरच त्याचे क्लोरीन टिकतात. त्याच घराण्यातलं ऑक्सालिप्लॅटिन मात्र साखरेच्या सलाईनमध्येच मिसळायचं. मिठाच्या सलाईनमध्ये ते बिघडतं. ॲल्युमिनियमचा भाग असलेली सुईही सिस्प्लॅटिनला चालत नाही, द्रावणात काळा गाळ धरतो. म्हणून "केमो घरी येऊन देतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

शिवलं तर कॅन्सर होतो का?

रुग्णाला शिवल्याने, जवळ घेतल्याने, एका ताटात जेवल्याने काही होत नाही. केमो चालू असलेल्या आजीपासून नातवंडांना दूर ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. त्याची काहीही गरज नाही. जपायचं ते औषधाला आणि अंगाबाहेर पडणाऱ्या द्रवांना.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सिस्प्लॅटिन 'माणसात बहुधा कॅन्सरकारक' या गटात ठेवलं आहे. "मग कॅन्सरवर तेच कसं देता?" डीएनएला चिकटणारी वस्तू कुठल्याही डीएनएला चिकटू शकते. रुग्णाला त्यातून जीव वाचण्याचा फायदा आहे, म्हणून धोका पत्करायचा. आठवड्याला दहा बाटल्या हाताळणाऱ्या नर्सला फायदा शून्य, धोका तेवढा. म्हणून तिने दोन हातमोजे, गाऊन घालायचा, हवा बाहेर न येणाऱ्या खास कपाटात औषध तयार करायचं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार या औषधांच्या बाटल्या, नळ्या, मोजे पिवळ्या पिशवीत जातात आणि १२०० अंशांहून जास्त तापमानाला जाळले जातात. घरी एखादी बाटली राहिली असेल तर ती घंटागाडीत टाकू नका, रुग्णालयाला परत द्या.

घरात पहिले निदान ४८ तास जपायचं, रुग्णालयाने जास्त सांगितलं तर तितकं. लघवी, उलटी साफ करताना हातमोजे, नंतर साबणाने हात. पुरुषांनीही बसूनच लघवी करावी, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. माखलेले कपडे वेगळे धुवायचे. घरात गरोदर बाई असेल तर ही कामं तिच्याकडे नकोत. संडासात झाकण लावून दोनदा पाणी सोडा, असं पत्रकात छापलेलं असतं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे पत्रक लिहिणाऱ्याला कुठून माहीत असणार! तेव्हा केमोच्या दिवसासाठी दोन बादल्या आधीच बाजूला काढून ठेवा. पाणी वरून आपटून टाकू नका, हळू ओता.

यापेक्षा सौम्य औषध नाही का?

आहे. कार्बोप्लॅटिनला अमेरिकेत १९८९ मध्ये मान्यता मिळाली. त्यात सुटून जाणारा भाग क्लोरीनपेक्षा हट्टी असतो, म्हणून ते सावकाश काम करतं. किडनी, कान आणि उलट्यांचा त्रास कमी. पण रक्तातल्या पेशी, विशेषतः प्लेटलेट, जास्त उतरतात, आणि बऱ्याच डोसांनंतर ॲलर्जी येऊ शकते. काही कॅन्सरांत दोन्ही सारखी चालतात. वृषणाच्या कॅन्सरमध्ये सिस्प्लॅटिनच सरस ठरलं आहे. किडनी आधीच कमजोर असेल तर डॉक्टर आपणहून बदल करतात. आतड्याच्या कॅन्सरसाठी दिलेल्या ऑक्सालिप्लॅटिनची तऱ्हा आणखी वेगळी: गार पाणी प्यायलं की घशात आणि बोटांत झिणझिण्या येतात. उन्हाळ्यात माठसुद्धा काही दिवस दूर ठेवावा लागतो.

"त्रास इतका, तर मधेच थांबलो तर?" थांबण्याआधी बोला. बऱ्याच त्रासांवर उपाय आहे, डोस कमी करता येतो, आठवड्याचा तीन आठवड्यांवर किंवा उलट करता येतो का हे बघता येतं. न सांगता तारीख चुकवली तर डॉक्टरांच्या हातात काहीच उरत नाही, आणि रेडिएशन चालू असेल तर त्याची साखळीही तुटते.

आणि ताप. केमोनंतर आठ-पंधरा दिवसांत पांढऱ्या पेशी खाली येतात. त्या काळात १००.४ च्या वर ताप गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नसते. रात्री दोन वाजले असले तरी निघायचं. सुट्टी मिळतानाच रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा आणि कुठल्या दारातून आत यायचं हे विचारून, फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.